सत्यवानचा वायररोप, गुरुदासचं गाऱ्हाणं

सत्यवानला चिखलाचा कंटाळा कधीच आला नव्हता. कंटाळा आला होता तो माणसांचा. चिखल बिचारा सरळ असतो. चाक धरून ठेवतो, पण त्याला हळूहळू मोकळं केलं की मुकाट्यानं सोडूनही देतो. माणसांचं तसं नाही. ती गाडीभोवती गोळा होतात ती गाडी निघेपर्यंत हटत नाहीत, आणि जाताना वर म्हणतात, "आमी नसतो तर निघाली नसती."

मसुऱ्याच्या आसपास पावसाळ्यात कुठे गाडी रुतली की लोक सत्यवानच्या दारात यायचे. कारण त्याच्याकडे तो ट्रक होता. लष्कराच्या लिलावातून कुणीतरी लाकडं ओढायला आणलेला, मग लाकडं संपली तेव्हा सत्यवानच्या गळ्यात पडलेला, लांब नाकाचा जुना ट्रक. त्याच्या पुढच्या बंपरवर विंच. विंच म्हणजे एक लोखंडी रीळ आणि त्यावर गुंडाळलेला बोटभर जाडीचा वायररोप. वायररोपाचं टोक रुतलेल्या गाडीला अडकवायचं आणि लिव्हर ओढायचा. मग रीळ फिरतं, वायररोप आत येतो आणि त्याच्यामागून गाडी. ट्रकच्या कपाळावर आधीच्या मालकानं रंगवून घेतलं होतं, 'देवाक काळजी'. सत्यवान ते पुसायच्या भानगडीत पडला नाही. फक्त कुणी वाचलं की म्हणायचा, "देवाक आसा रे काळजी. वायररोपाक नाय."

हे तो गमतीनं म्हणत नव्हता. ताणलेला वायररोप दिसायला अगदी गरीब. हलत नाही, डुलत नाही, आवाज करत नाही. कपडे वाळत घालावेत असा वाटतो. आणि त्याच वेळी एका टोकाचा हूक निसटला, तर तो असा फिरतो की मध्ये आलेला पाय पाय राहत नाही. म्हणून सत्यवान वायररोपाच्या मधोमध भिजवलेलं गोणपाट टाकायचा. रोप सुटलाच तर त्याच्या वजनानं खाली बसावा म्हणून. ट्रकच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावायचा, हातात चामड्याचे मोजे चढवायचा, आणि स्वतः केबिनमध्ये बसण्याआधी बॉनेट उघडून उभं करायचा. तेवढीच त्याला आणि काचेला आड.

हे सगळं त्याच्या हातातलं होतं. हातात नव्हती ती माणसं. आमच्याकडे अडलेल्या गाडीपाशी हाताची घडी घालून उभं राहणं हे जवळजवळ पाप आहे. शेजाऱ्याचं जू मोडलं, छपरावरचा नळा पडला, गाडी रुतली, की धावत जायचं आणि हात लावायचा. जो लावत नाही तो माणूस कसला! त्यामुळे सत्यवाननं वायररोप ताणला रे ताणला की दहा हात गाडीला, चार पाय वायररोपाच्या अल्याड-पल्याड आणि सगळ्यांच्या तोंडात सल्ला. "मागे रवा" म्हटलं की दोन पावलं मागे, आणि लिव्हरला हात लावला की चार पावलं पुढे. ओरडलं तर राग येतो. "आमी मदत करूक इलव आणि ह्यो आमचेरच गुरगुरता!" सत्यवाननं हात टेकले होते.

त्यातून वाट निघाली ती गुरुदासमुळे, आणि तीही चुकून.

गुरुदास त्याच्याच वर्गातला. शाळेत दोघांनी मिळून मार खाल्लेला. पुढे गुरुदासकडे वाडीचं गाऱ्हाणं घालण्याचा मान आला. कुठलंही काम काढायचं, लग्न असो की विहीर, आधी देवासमोर उभं राहून त्याला सांगायचं, काय करतोय, कशासाठी करतोय, सांभाळून घे. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गुरुदासचा आवाज असा की नदीपलीकडचा गुराखीही हात जोडील.

एका पावसात भात भरलेला ट्रक वहाळाच्या काठाला रुतला होता. सत्यवान नेहमीप्रमाणे "मागे रवा, मागे रवा" करून घसा कोरडा करत होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, देवाला सांगितलं नाही म्हणून गाडी हलत नाही. गुरुदास पाऊस चुकवायला लांब फणसाखाली उभा होता. त्यानं तिथूनच सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..." आणि सत्यवाननं मान वर केली तर काय, मैदान साफ! सगळी माणसं फणसाखाली, हात जोडलेले, माना खाली. एकही हलत नव्हता. हलणार कसा? गाऱ्हाणं अर्धवट टाकून पाय उचलणारा माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. सत्यवाननं संधी साधली. गाऱ्हाणं संपलं तेव्हा ट्रक रस्त्यावर होता.

संध्याकाळी चहा पिताना तो गुरुदासला म्हणाला, "तुझा गाऱ्हाणा वायच लांबव रे फुडल्या येळाक."

"मेल्या, देवाक फसवतंस?"

"देवाक कित्या? माणसांका."

गुरुदास इतका हसला की चहा अंगावर सांडला. पण त्यानं ऐकलं. तेव्हापासून दोघांचं ठरून गेलं. सत्यवान वायररोप अडकवायचा आणि लांबची एखादी सुरक्षित जागा नजरेनं दाखवायचा. गुरुदास तिथे जाऊन उभा राहायचा आणि देवाला हाक मारायचा. गाडी निघाली की सत्यवान हॉर्न द्यायचा, मग गुरुदास आवरतं घ्यायचा. गाडी जड असली की गाऱ्हाण्यात बारा गावचे बारा देव यायचे. इंजिनाच्या घरघरीत सत्यवानला शब्द कधी ऐकू आले नाहीत. फक्त सगळ्यांचं "व्हय म्हाराजा" तेवढं यायचं. ते आलं की माणसं जागच्या जागी आहेत एवढं त्याला कळायचं, आणि तो लिव्हर आणखी थोडा ओढायचा. वीसेक वर्षं असं चाललं. कुणाला ओरखडा आला नाही.

आणि या वैशाखात गुरुदासला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मनातलं सगळं शाबूत, पण तोंडातून येताना शब्दाचा चिखल व्हायचा. सून नम्रता त्याचं सगळं करायची, आणि त्याचं बोलणं कळायचं तेही तिला एकटीलाच. सत्यवान आठवड्यातून एकदा जाऊन त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसायचा. दोघं रस्त्याकडे बघत राहायचे.

पाऊस सुरू झाला आणि लोक यायला लागले. सत्यवान प्रत्येकाला सांगायचा, विंच बिघडलाय. विंचाला काही झालं नव्हतं. झालं होतं ते त्याला. गुडघे चढ बघितला की कुरकुरायचे, कंबर सकाळी उठायला नकार द्यायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे परत त्या गर्दीवर ओरडायचं या विचारानंच त्याचा जीव दमून जायचा. बायको सुगंधा हे सगळं बघत होती.

"चवथ झाली काय ती गाडी इकून टाका," ती म्हणाली.

"टाकतंय," तो म्हणाला. वादही घातला नाही त्यानं. तिलाच कसंतरी झालं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवून तो जरा आडवा झाला होता, तर यज्ञेश दारात. यज्ञेश म्हणजे वाडीतला हौशी पुढारी. माणूस वाईट नाही, पण जिथे काही घडतं तिथे मधोमध उभा.

"सत्यवानकाका, उठा. गणपती चिखलात गेले."

गणपतीच्या शाळेतून, म्हणजे जिथे मूर्ती घडवतात तिथून, अजयचा टेम्पो खालच्या वाडीचे गणपती घेऊन येत होता. गुरुदासच्या घराखालच्या वळणावर समोरून एसटी आली. अजयनं बाजू दिली आणि डावी चाकं रस्त्याकडेच्या मऊ मातीत गेली ती गेलीच. टेम्पो मळ्याच्या बाजूला कलला, मागचं दार बांधात रुतून बसलं. आत शाडूच्या मूर्ती दोरीनं बांधलेल्या. आत शिरून बाहेर काढाव्यात, तर दार उघडत नाही, आणि कुणी वर चढलं तर टेम्पो आडवाच व्हायचा. ट्रॅक्टरनं हिसका दिला तर शाडूचा भुगा. उद्या सकाळी घराघरात पाट मांडलेले असणार आणि त्यावर बसवायला काही नाही.

"विंच बिघडलोहा," सत्यवान म्हणाला.

यज्ञेश दारातून हलला नाही. नुसता उभा राहिला. आतून सुगंधा आली आणि तिनं चामड्याचे मोजे नवऱ्याच्या हातात ठेवले. "गणपती आसत," ती एवढंच म्हणाली. शिरा पडो त्या चिखलार, असं पुटपुटत सत्यवान उठला.

वळणावर अर्धा गाव जमलेला. सत्यवाननं ट्रक पुढे घट्ट जमिनीवर लावला, चाकांना चिरे लावले, वायररोप हातानं ओढत टेम्पोपर्यंत नेला आणि पुढच्या हुकात अडकवला. गोणपाट टाकलं. वाकताना कंबरेतून कळ आली, ती तशीच गिळली. मग बॉनेट उभं केलं आणि लोकांकडे वळला.

"मागे रवा. थंय, त्या माडाकडे जावा सगळे."

दोन पावलं मागे.

"गाऱ्हाणा मी घालतंय," यज्ञेश म्हणाला. त्याला गोष्ट माहीत होती, तिचं मर्म माहीत नव्हतं. रस्त्याकडेच्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीवर, छत्री अडकवून तो वायररोपाशेजारीच उभा राहिला. डोळे मिटून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, गणपतीची गाडी वर काढ रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सत्यवाननं लिव्हर ओढला. वायररोप वर उचलला गेला, ताठ झाला. आणि यज्ञेशनं डोळे उघडून टाळी वाजवली. "झाला! चला, हात लावा!"

गर्दी फुटली. टेम्पोला हात लागले. यज्ञेश स्वतः एक पाय वायररोपाच्या या बाजूला, एक त्या बाजूला, आणि दोन्ही हात हवेत, "जोर लावा!"

सत्यवाननं रोप ढिला सोडला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बंपरवर बसला. मोजे काढले. ओरडलाही नाही. ओरडायला जो जोर लागतो तो त्याच्यात उरला नव्हता.

"माझ्यान होवचा नाय," तो म्हणाला. "दुसऱ्याक हाडा."

टेम्पोवरचे हात एकेक करत निघाले. अजय टेम्पोकडे बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सत्यवानला त्याची दया आली, स्वतःचीही आली, पण उठवेना.

तेव्हा वरून नम्रताची हाक आली. गुरुदासचं घर रस्त्याच्या वर, पायऱ्या चढून. खळ्याच्या कडेला खुर्चीत गुरुदास बसलेला आणि त्यानं डावा हात वर केलेला.

"बाबा सगळ्यांक वर बोलयतत," नम्रता म्हणाली. "गाऱ्हाणा घालूचा आसा म्हणतत."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याच्या तोंडातून पाणी मागायलाही शब्द धड येत नाही, तो गाऱ्हाणं घालणार? पण आजारी मानकऱ्याला नाही कोण म्हणणार? एक-एक करत सगळे पायऱ्या चढले. शेवटचा यज्ञेश. रस्त्यावर सत्यवान एकटा उरला. त्यानं वर बघितलं. उभ्या बॉनेटमुळे आणि माडांमुळे केबिनमधून खळं दिसायचं नाही, म्हणून त्यानं उभ्यानंच एकदा सगळी डोकी नजरेनं मोजल्यासारखी केली. मग मोजे चढवले आणि केबिनमध्ये बसला.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग घरघरीतून आलं, "व्हय म्हाराजा." पुन्हा मोठी शांतता. पुन्हा "व्हय म्हाराजा." गुरुदासचं एकेक वाक्य जणू चढावरची बैलगाडी झालं होतं. सत्यवानच्या मनात आलं, इतकं लांब गाऱ्हाणं तर या माणसानं चांगला असतानाही घातलं नव्हतं. त्यानं लिव्हर ओढला.

वायररोप ताणला. टेम्पो करकरला, वीतभर हलला. आणि धाडकन आवाज झाला. खाऱ्या हवेनं आतून खाल्लेला टेम्पोचा हूक पत्र्यासकट उपटून आला होता. वायररोपानं रस्त्याकडेला एक झोका घेतला, गडग्यावरचा चिरा उडाला, आणि गोणपाटाच्या वजनानं रोप धप्पकन चिखलात पडला. बॉनेटवर काहीतरी खणकन आपटलं.

सत्यवान खाली उतरला. गडग्यापाशी यज्ञेशची छत्री दोन तुकडे होऊन पडली होती. मघाशी यज्ञेशच्या मांड्या जिथे होत्या, बरोब्बर त्या उंचीवर चिरा फुटला होता. माणसं इथे असती तर, या विचारापुढे त्याचं मन जाईना. वरून "व्हय म्हाराजा" आलं. म्हणजे सगळी जागेवर आहेत. आवाज ऐकूनही कुणी पाय उचलला नव्हता.

दमायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ त्याच्याकडे नव्हता. त्यानं फावड्यानं चाकांपुढचा चिखल उपसला, खाली माडाच्या झावळ्या दडपल्या. या खेपेला हुकाच्या वाटेला न जाता टेम्पोच्या पोटाखाली सरपटत शिरला आणि रुंद पट्टा थेट सांगाड्याला घातला. गोणपाट पुन्हा भिजवून टाकलं. पाठीत चमक निघत होती. वरून थांबून थांबून "व्हय म्हाराजा" येत होतं. मध्ये एकदा त्याला वाटलं, तेवढ्याच तेवढ्या अंतरानं येतंय, पण विचार करायची ती वेळ नव्हती.

या वेळी त्यानं रीळ इतकं हळू फिरवलं की टेम्पो येतोय की जमीन सरकतेय ते कळेना. चिखलानं एक सुस्कारा सोडला. डावं चाक झावळीवर चढलं, मग रस्त्यावर. टेम्पो सरळ झाला. सत्यवाननं धावत जाऊन मागचं दार उघडलं. आत सगळे गणपती जागच्या जागी, तोंडावर रुमाल बांधलेले. एकाचा उंदीर तेवढा कलंडला होता. तो त्यानं सरळ केला.

त्यानं केबिनमध्ये हात घालून हॉर्न दिला आणि इंजिन बंद केलं.

वर गाऱ्हाणं थांबलं नाही.

त्यानं पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक. थोड्या वेळानं पुन्हा "व्हय म्हाराजा." आता मात्र त्याला राग आला. हा काय वेडेपणा! वीस वर्षांची खूण विसरला की काय? पायऱ्या चढणं म्हणजे त्याला शिक्षाच, पण धरत धरत चढला. आणि इंजिन बंद होतं म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्या कानावर गुरुदासच्या या गाऱ्हाण्याचे शब्द आले.

गुरुदास घाम फुटलेल्या चेहऱ्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी ओढत होता आणि त्याच्या खुर्चीला टेकून नम्रता ते मोठ्यानं सांगत होती. बाईनं गाऱ्हाणं सांगितलेलं वाडीनं कधी ऐकलं नव्हतं, पण कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

"ह्या सगळ्यांका मी माझ्याकडे धरून ठेवलंय, म्हाराजा. फुडे ह्यो सत्यवान एकटोच आसा. वायररोप सुटलो तर पयलो तेकाच लागतलो. तेका हातापायान धड वर हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

सत्यवान शेवटच्या पायरीवर तसाच उभा राहिला. कडेला म्हाताऱ्या हौसाबाई होत्या. त्यांनी जोडलेले हात न सोडता मान वळवली.

"दर येळाक ह्याच मागता तो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुका म्हायत नाय? आज मात्र मघाशी तो आवाज झालो ना, तेव्हासून ह्याच एक धरून बसलोहा. फुडे जायनाच नाय."

भोवती उभ्या माणसांमुळे खालचं काही दिसत नव्हतं गुरुदासला. हॉर्न काय, कुणीही वाजवील.

सत्यवानला वाटलं, खाली बसावं. वीस वर्षं आपण या माणसांना त्यांच्याच पायांपासून वाचवत आलो म्हणून तो मनातल्या मनात कुरकुरत होता. कटकट म्हणत होता त्यांना. आणि दर खेपेला ही अख्खी कटकट लांब उभी राहून, हात जोडून, त्याच्यासाठी देवाला गळ घालत होती. यज्ञेशसुद्धा. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. लपवायला लागणारा जोरही संपला होता.

"गुरुदास," तो म्हणाला, "इलंय रे मी."

माणसं बाजूला झाली. गुरुदासनं त्याच्याकडे पाहिलं. आधी हात पाहिले, मग पाय. पुन्हा हात. मग त्यानं वर धरलेला डावा हात मांडीवर ठेवला आणि तोंडातून एक शब्द काढला. तो नम्रताला सांगावा लागला नाही.

"म्हाराजा," गुरुदास म्हणाला.

सगळे सत्यवानकडे बघत होते. त्यानं चिखलानं भरलेल्या मोज्यांसकट हात जोडले आणि एकट्यानं म्हटलं, "व्हय म्हाराजा."